टाळ आले, वीणा यायची आहे

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दशमीच्या दुपारी केलेले भाषण)

विणेकरी बुवा, चोपदार, टाळकरी मंडळी, तुळस आणि हंडा घेऊन चालणाऱ्या माउल्या, आणि जेवण उरकून इथं येऊन बसलेले सगळे मायबाप. शंभर वर्षं झाली म्हणून प्रत्येकानं काहीतरी बोलावं असं ठरलं. कुणी जुन्या मुक्कामांच्या आठवणी सांगितल्या, कुणी राहुट्यांचा अन् टँकरचा हिशेब मांडला. आम्ही मात्र विषय मागून घेतला. विषय आहे शब्द आणि तर्क. नाव ऐकल्याबरोबर मागच्या दोघांनी उपरणं डोळ्यावर ओढलं, ते आम्हांला इथून दिसतंय. ओढू द्या. थोड्या वेळानं करणीची गोष्ट येणार आहे, तेवढ्याला जागे व्हा म्हणजे झालं.

आपल्या दिंडीत एक प्राध्यापक बाई लोणंदपासून चालतात. पुण्याला तत्त्वज्ञान शिकवतात. एका वर्षी चालता चालता त्यांनी आम्हांला विचारलं, महाराज, आमच्याकडे तीन दिवसांची कार्यशाळा आहे, भाषेचं तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र यावर, येता का? आम्ही चौथी शिकलेलो. कार्यशाळा म्हटल्यावर सुतारनेटाचं काही असंल असं वाटलं. गेलो. तिथं रंधाबिंधा काही नव्हतं, पण काम मात्र सुताराचंच चाललं होतं. एकेक वाक्य घ्यायचं, त्याचे सांधे सुटे करायचे, कोणता सांधा कशानं धरलाय ते बघायचं आणि परत जोडायचं. निम्मं बोलणं इंग्रजीत होतं, ते डोक्यावरून गेलं. मराठीत होतं ते नीट कळलं, आणि संस्कृतातलं बाईंनी सोडवून सांगितलं. त्यातलं जेवढं वारकऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या कामाचं, तेवढं आज सांगतो.

पहिल्या दिवशी प्रश्न निघाला की लेकराला शब्द कळतात कसे? कोशात बघून तर ते शिकत नाही. यावर आपल्याकडच्या जुन्या पंडितांनी दृष्टांत दिलाय तो थेट गोठ्यातला. म्हातारा सांगतो, गाय आण. पोरगा जातो अन् गाय आणतो. म्हातारा म्हणतो, गाय बांध. पोरगा बांधतो. मग म्हातारा म्हणतो, घोडा आण. कोपऱ्यात बसलेलं लेकरू हे सगळं बघत असतं. एक बोल बदलला की जनावर बदललं, दुसरा बदलला की काम बदललं. अशानं लेकराला उमगतं की गाय म्हणजे हे आणि आण म्हणजे हे. शास्त्रात याला वृद्धव्यवहार म्हणतात. आमच्या घरी चार पिढ्या असंच चाललंय, फक्त घोडा नव्हता, बैल होता.

इथवर सगळ्यांचं जमलं. पुढं मीमांसक मंडळींत दोन तट पडले. कुमारिल भट्टांचं म्हणणं, आधी एकेक शब्द आपापला अर्थ सांगतो आणि मग ते अर्थ एकमेकांत गुंफले जातात. प्रभाकरांचं म्हणणं, सुटा शब्द कधी कुणी ऐकलाय का? लेकरानं गाय हा शब्द ऐकला तो आण नाहीतर बांध याच्या जोडीनंच ऐकला, म्हणून शब्द अर्थ सांगतो तो जोडलेलाच सांगतो. आणि भर्तृहरी म्हणून मोठे वैयाकरण होऊन गेले, ते म्हणतात वाक्य हे मुळात एकसंध, तुकडे आपण मागाहून शिकवण्यासाठी पाडतो. आम्हांला विचाराल तर आम्ही भर्तृहरींच्या बाजूचे. पखवाजाचे बोल शिकवताना सुटे सांगावे लागतात, पण ठेका लागला की सुटा बोल कुणाला ऐकू येतो?

वाक्य कशानं उभं राहतं याचीही तिथं मोजणी झाली. एकाला दुसऱ्याची गरज पाहिजे, तिला आकांक्षा म्हणतात. शब्द जवळजवळ यायला पाहिजेत. आत्ता गाय म्हटलं आणि तीन तासांनी आण म्हटलं तर कुणी काय आणावं? आणि तिसरी योग्यता. विस्तवानं शिंपण कर असं कुणी म्हटलं, तर शब्द सगळे ओळखीचे, व्याकरणही बरोबर, तरी वाक्य मेलेलं, कारण शिंपण पाण्यानं होतं. हे ऐकून आम्ही हसलो, तेव्हा शेजारच्या विद्यार्थ्यानं विचारलं काय झालं. म्हटलं, आमच्याकडं निवडणुकीत पाच वर्षांनी अशी वाक्यं येतात.

आता आपल्या दिंडीचं. मुक्कामावर पोचलो की आपण विचारतो, टाळ आले का? उत्तर येतं, टाळ आले, वीणा यायची आहे. मायबाप हो, वीणेला पाय आहेत का? कुणी अडाणी माणूससुद्धा असं विचारत नाही. वीणा म्हणजे विणेकरी, हे सगळ्यांना कळतं. याला लक्षणा म्हणतात. शास्त्रातला नेहमीचा दाखला आहे गंगेवरच्या गवळीवाड्याचा. वाडा पाण्यावर तरंगत नसतो, तो काठावर असतो. तसंच आपली दिंडी चंद्रभागेवर उतरते. आणखी एक दाखला आम्हांला फार आवडला. मंच ओरडतात असं त्यांनी म्हटलंय. मंच म्हणजे आपला राखणीचा माळा. माळा ओरडत नाही, माळ्यावर गोफण घेऊन उभा असलेला राखणदार ओरडतो. जोंधळा राखून राखून आमचा गळा बसलेला आहे, म्हणून हा दाखला कुठल्या रानातून निघाला ते आम्हांला सांगावं लागलं नाही. दीड-दोन हजार वर्षं तो पंडितांच्या तोंडी फिरला, पण जन्मला पाखरं हाकणाऱ्याच्या शिवारात.

आणि शब्दावाचूनही अर्थ सांगता येतो, हे तर आम्हीच तिथं सांगितलं. मुक्कामावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात, सगळे टाळ गप्प होतात. त्यातही एखाद्या दिंडीचे टाळ वाजत राहिले तर काय समजायचं? त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, मगच टाळ थांबतात. तोंडानं कुणी अक्षर बोललेलं नसतं. तोच टाळ दिवसभर वाजतो तेव्हा भजन असतो, आणि सगळे गप्प असताना वाजतो तेव्हा फिर्याद असतो. हे सांगितल्यावर तिथले सर लोक बराच वेळ वहीत लिहीत होते. त्यांच्या भाषेत याला संकेत म्हणतात. कुणीतरी ठरवला, बाकीच्यांनी मानला, पिढ्यान्‌पिढ्या पाळला, म्हणून अर्थ टिकला.

दुसरा दिवस तर्काचा. न्यायशास्त्राचा दृष्टांत डोंगरावरच्या धुराचा आहे, तो तुम्ही ऐकला असेल. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराचा, हा उपनय. म्हणून इथं आग आहे, हे निगमन. पाच पायऱ्या. अन्नंभट्टांचं तर्कसंग्रह हे लहान पुस्तक शिकणाऱ्याला पहिल्यांदा देतात, त्यात हे सगळं आहे. आपल्याकडच्या आठल्ये आणि बोडस यांनी त्यावर इंग्रजीत टीपा लिहिल्या आणि ते मुंबईला १८९७ साली छापलं. बाईंकडे ते होतं, आम्ही हातात घेऊन पाहिलं.

हे झालं सरळ. आता उलटं फिरवा. जिथं आग तिथं धूर, हे खरं का? नाही. लोहाराच्या भट्टीतून फाळ निघतो तो लालबुंद असतो, आग आहे, धूर काही नाही. शास्त्रातही तापलेल्या लोखंडी गोळ्याचाच दाखला आहे. मग आगीतून धूर केव्हा निघतो? सरपण ओलं असतं तेव्हा. ही आडून आलेली अट झाली, तिला उपाधी म्हणतात. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर भाकरी थापणाऱ्या बायकांना हे डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत कळलेलं आहे, पण पुस्तकात त्यांचं नाव नाही. आणि धूर म्हणून जे दिसतंय तो धूरच आहे ना, हेही बघायला लागतं. दिवे घाटात ढग उतरलेले असतात तेव्हा लांबून वरती कुणी चूल पेटवली असं वाटतं.

उपरण्यातली मंडळी उठा, आता करणीची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका गावी दिवाळीनंतरच्या सप्ताहाला आम्ही होतो. गावाचं नाव सांगत नाही. एका घरी संध्याकाळच्या आत दोन म्हशी अन् एक गाय मेली. त्या दिवशी सकाळी एक एकटी राहणारी म्हातारी त्या घरी ताक मागायला येऊन गेली होती. झालं. रात्री कीर्तनाच्या आधी पारावर माणसं जमली. तिनं करणी केली, तिला गावाबाहेर काढा. दोन पोरं तर तिच्या खोपटाकडं निघाली होती. आम्हांला म्हणाले, महाराज, तुम्ही हो म्हणा.

आम्ही त्या पोरांना आधी परत बोलवायला लावलं. मग विचारलं, तुमचं म्हणणं काय? म्हणाले, तिनं करणी केली. म्हटलं, ही प्रतिज्ञा झाली. हेतू काय? म्हणाले, ती येऊन गेली आणि जनावरं मेली. बरं, उदाहरण द्या. ती आणखी कुठं गेली आणि जनावर मेलं? कुणी बोलेना. शेवटी एका बाईनंच सांगितलं, ती त्या दिवशी पाच घरी ताकाला गेली होती, आमच्याकडंही आली होती, आमची जनावरं बरी आहेत. म्हटलं, हेतू एकदा ढळला. मग उलट विचारलं, ती गेली नाही अशा ठिकाणी काही झालं का? एक पोरगं भीत भीत म्हणालं, वरच्या वाडीवर काल एक बैल मेला. म्हातारीला गुडघ्यांनी वाडीची चढण चढवत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. हेतू दुसऱ्यांदा ढळला. असल्या हेतूला शास्त्रात सव्यभिचार म्हणतात. म्हणजे इकडंतिकडं भटकणारा, एका मालकाकडं न राहणारा.

मग या घरात अन् वाडीवर सारखं काय होतं, ते शोधलं. दोन्हीकडं जनावरं जोंधळ्याच्या काढलेल्या रानात सोडली होती. कापणीनंतर पाऊस नव्हता, बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. त्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, जनावर फुगतं, धापा टाकतं आणि बघता बघता जातं. जुन्या शेतकऱ्यांना हे माहीत असतं. आमच्या वडिलांनी आम्हांला लहानपणी बजावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, आणि आणखी एक गाय त्याच रानात चरून पडली होती तिला सुई दिली, ती उठली.

त्या घरच्या म्हातारबांनी काही शेवटपर्यंत मानलं नाही. तर्कानं सगळ्यांचं मन वळतं असं आम्ही म्हणत नाही. पण त्या रात्री पोरं खोपटापर्यंत गेली नाहीत आणि ती बाई आपल्या घरात निजली. २०१३ चा जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, तो असलाच पाहिजे. पण पारावर रात्री नऊ वाजता कायदा यायला उशीर लागतो. पाच पायऱ्या कुणालातरी तोंडपाठ असल्या तर त्या तिथंच असतात.

आता एक शंका. आपल्यातले एक वयस्कर टाळकरी आम्हांला म्हणाले, बुवा, हे शब्दांचे खेळ, आपल्याला नाम पुरे. त्यांचा अधिकार मोठा, आम्ही त्यांच्या पाया पडतो. पण ज्ञानेश्वरी उघडली की पहिल्याच अध्यायात गणपती आहे आणि त्याच्या हातात परशू आहे. तो परशू म्हणजे तर्क, असं माउलींनीच सांगितलंय. शके १२१२ मधली ही गोष्ट. हत्यार देवाच्या हातात दिलंय ते शोभेला नाही. शेतकऱ्याच्या घरी कुऱ्हाड असते ती काटेरी झुडूप तोडायला, तिनं तुळस कुणी तोडत नाही.

आणि अमृतानुभव. त्याची दहा प्रकरणं आहेत. तिसरं सगळं वाणीच्या ऋणाबद्दल आहे, परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चारी वाचांचं ऋण कसं फिटतं त्याबद्दल. सहाव्याचं नावच शब्दखंडन. त्यात माउली आधी शब्दाला डोक्यावर घेतात. विसरलेल्याला आठवण करून देणारा शब्द, ज्याला रूप नाही त्याचा आरसा होणारा शब्द. आणि एवढं कौतुक केल्यावर त्याच शब्दाला विचारतात, तू अज्ञान घालवतोस म्हणतोस, पण अज्ञान म्हणून काही खरोखर आहे का? नसेल तर तू घालवलंस काय? आणि आत्मा आपल्याच उजेडानं उजळ असेल तर तू त्याला दाखवलंस काय? पुण्याच्या त्या खोलीत हे बाईंनी वाचलं तेव्हा मोठमोठे लोक गप्प बसले होते. शब्दाची सीमा कुठवर, हे शब्दानंच दाखवायचं, हे सोपं काम नाही. नाम पुरे म्हणणाऱ्यानं नाम म्हणजे काय हे एकदा तरी विचारलं तर नामाला काही कमीपणा येत नाही.

शास्त्रात चर्चेला कथा म्हणतात, हे आम्हांला नवीनच कळलं. आपण कीर्तनाला म्हणतो तोच शब्द. तिच्या तीन जाती. खरं काय ते दोघांनी मिळून शोधायचं, तो वाद. कसंही करून जिंकायचं, तो जल्प. स्वतःचं काही मांडायचं नाही, नुसतं दुसऱ्याचं मोडायचं, ती वितंडा. बघा, वाद हा मूळचा किती चांगला शब्द, गुरू आणि शिष्य बसून करायचा. आपण बांधावरून भांडलो की त्याला वाद म्हणतो.

अशा वादाची एक खरी हकिगत तिथं ऐकली. १९८३ साली पुण्यातच मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांनी न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीत तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवलं. रेगे म्हणजे वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी जोडलेले, नवभारत मासिकाचे संपादक, पुढं मराठी विश्वकोशाचे अध्यक्ष. बर्ट्रांड रसेल नावाच्या विलायतेतल्या तत्त्वज्ञाचे विचार त्यांनी संस्कृतात आणून पंडितांपुढं ठेवले. प्रश्न असा, आपण वाक्य बोलतो तेव्हा खरं किंवा खोटं नेमकं कशाला म्हणायचं? आवाज तर विरून गेला. मग त्या वाक्यातून जे सांगितलं जातं अशी काही वेगळी वस्तू असते का? न्यायवाल्यांचं मत असं की खरं-खोटं होतं ते ज्ञान, अशी वेगळी वस्तू मानायची गरज नाही. या बैठकीवरून पुढं संवाद नावाचं पुस्तक निघालं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांचं आधी नीट ऐकून घेतलं, यातच आम्हांला मोठेपणा वाटतो. शंभर वर्षं एकाच गावात राहून एकमेकांची दारं न वाजवलेली दोन घरं असावीत, तसं त्यांचं होतं.

सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र तिसऱ्या दिवशी मिळाली, तेवढी सांगून थांबतो. डोळ्यांनी दिसतं ते एक प्रमाण, तर्कानं कळतं ते दुसरं. पण बहुतेक गोष्टी आपण कुणाच्या तरी सांगण्यावर मानतो. बियाणं उगवेल हे दुकानदाराच्या सांगण्यावर, आपली जन्मतारीख आईच्या सांगण्यावर. मग कुणाचं सांगणं मानायचं? न्यायशास्त्र म्हणतं, आप्ताचं. आप्त म्हणजे सोयरा नव्हे. ज्याला ती गोष्ट जशी आहे तशी कळलेली आहे आणि जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. यावर वात्स्यायन म्हणून जे भाष्यकार आहेत, ते लिहितात की ही खूण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू.

मायबाप हो, आम्ही हे दोनदा वाचून घेतलं. बाईंना म्हटलं, परत सांगा. इतक्या जुन्या काळी, संस्कृतात, ब्राह्मण पंडितानं लिहिलेलं. जात विचारली नाही, इयत्ता विचारली नाही. तुला ठाऊक आहे का आणि तू तसंच सांगतोस का, एवढंच. ज्या चोखोबांना देवळाच्या बाहेर ठेवलं, ज्या जनाबाईनं दळण दळलं, ज्या तुकोबांना अभंग नदीत बुडवायला लागले, त्यांच्या शब्दाला प्रमाण म्हणायला वेगळं शास्त्र लागत नव्हतं. होतं त्या शास्त्रातच सोय होती. लोकांनी तेवढंच पान वाचलं नाही.

मोबाइलवर येणाऱ्या निरोपालाही हेच विचारा. वारीत अमक्या ठिकाणी चेंगराचेंगरी झाली, पाण्यात काहीतरी कालवलंय, असं कुणी पाठवतं आणि आपण पुढं ढकलतो. ज्यानं पाठवलं त्यानं पाहिलं का? का त्यालाही कुणी ढकललं? आम्हां कीर्तनकारांनाही विचारा. आमच्यातले काही जण हल्ली उदाहरणावर उदाहरणं देतात, लोक हसतात, हार पडतो, गाडी निघते. हेतू विचारलात तर सापडायचा नाही.

म्हणून दिंडीच्या पंचांपुढं आम्ही एक मागणी ठेवली आहे आणि त्यांनी ती मान्य केली. जुन्या काळी आपल्या दिंडीत मुक्कामावर शंका-समाधान व्हायचं, तंबू वाढले तसं ते मागं पडलं. या वर्षीपासून लोणंदच्या मुक्कामी जेवणं झाल्यावर एक तास ते परत धरायचं. प्रश्न कुणीही विचारावा. बायांनी आणि पोरांनी आधी विचारावा. उत्तर देणाऱ्यानं आधी सांगायचं की आपल्याला हे कशावरून कळलं, पाहिलं, ताडलं का कुणाकडून ऐकलं. ऐकलं असेल तर कुणाकडून. प्राध्यापक बाई येणार आहेत, त्यांच्याबरोबर दोन-तीन विद्यार्थी चालायला येणार आहेत, त्यांच्या अंथरुणाची सोय हंड्यावाल्यांच्या राहुटीत केली आहे.

पहिला प्रश्न आत्ताच आलाय. आपल्या पखवाजी बुवांची नात सातवीत आहे, तिनं चिठ्ठीवर लिहून दिलाय. आपण विठ्ठल म्हणतो, तेव्हा ते नाव लागतं कुणाला, विटेवरच्या मूर्तीला का मूर्तीच्या पलीकडच्याला, आणि पलीकडच्याला लागत असेल तर तिथपर्यंत आधी कुणी जाऊन ते नाव ठेवून आलं? आम्ही दोन रात्री याच्यावर विचार करतोय. उत्तराला सुरुवात विणेकरी बुवांनी करावी असं ठरलंय, ते तोपर्यंत तयारी करतील.

रामकृष्णहरी.